आज्ञावलीतला आनंद : कापरेकरांच्या ६१७४ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेपर्यंत

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

'विज्ञान : शाप की वरदान?' हा निबंध शाळेत असताना आपण सर्वांनीच केव्हा ना केव्हा लिहिलेला आहे. शेवटच्या परिच्छेदात 'विज्ञान हे दुधारी शस्त्र आहे' असे लिहिले की दहापैकी सात गुण हमखास पडत. प्रस्तुत लेखाचा विषयही वरवर पाहता त्याच जातीचा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचा मदतनीस आता प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये येऊन बसला आहे. त्याला साध्या मराठीत सांगितले तरी तो संगणकाची आज्ञावली, म्हणजेच प्रोग्रॅम, क्षणात लिहून देतो. असे असताना आपण ती स्वतः लिहायला का शिकावे, आणि शिकताना जो आनंद मिळतो तो टिकवावा कसा, हा प्रश्न मला गेले वर्षभर पडलेला आहे. या वेळी मात्र दुधारी शस्त्रावर वेळ मारून नेण्याचा माझा विचार नाही. जे घडले ते सांगून त्यातून मला काय वाटले एवढेच मांडणार आहे.

कला शाखेत संगणक कशाला?

हा प्रश्न मला घरी, वर्गात आणि एस. टी. स्टँडवरसुद्धा विचारला गेला. नवीन शैक्षणिक धोरणामुळे कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही दुसऱ्या शाखेतला एखादा विषय घेता येतो. मी पायथॉन ही संगणकाची भाषा घेतली. घेताना मनात मोठा उदात्त हेतू होता असे नाही. या विषयाने नोकरी लागते असे कोणीतरी सांगितले होते, एवढेच. माझे वडील बाजार समितीत हमाली करतात आणि आई द्राक्षबागेत मजुरीने जाते. घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. तेव्हा विषय निवडताना 'याने काय होईल?' हे विचारणे आम्हाला भागच असते.

पहिले दोन महिने मला काहीही समजले नाही. घरी संगणक नाही. प्रयोगशाळेत आठवड्याला जो तास मिळे, त्यातला निम्मा वेळ इंग्रजी कळफलकावर अक्षर शोधण्यात जाई. एक कंस सुटला की पडद्यावर लाल ओळी उमटत, आणि संपूर्ण वर्ग माझ्याकडेच पाहतो आहे असा मला भास होई. मग हळूहळू उमज पडू लागली.

आज्ञावली म्हणजे काय?

ज्यांनी हा विषय घेतलेला नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. आज्ञावली म्हणजे संगणकाला क्रमाने सांगितलेली कृती. आई पुरणपोळीची कृती सांगते तेव्हा 'चवीपुरते मीठ' म्हणते, 'पुरण शिजले की उतरव' म्हणते, आणि आपल्याला ते समजते. संगणकाला 'चवीपुरते' समजत नाही. किती ग्रॅम, केव्हा, कशानंतर, आणि डबा रिकामा असेल तर काय करायचे, हे सगळे आपणच सांगावे लागते. त्यामुळे आज्ञावली लिहिणाऱ्याला आधी स्वतःचा विचार धुऊन पुसून स्वच्छ करावा लागतो. आपल्याला एखादी गोष्ट समजली आहे असे आपण धरून चालतो, पण ती खरोखर किती समजली आहे हे संगणकाला सांगायला बसल्यावर कळते.

यातला आनंद अनुभवी मंडळींनीही नोंदवून ठेवला आहे. अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांना १९७४ साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्या वेळच्या आपल्या व्याख्यानाला त्यांनी 'संगणकाची आज्ञावली : एक कला' अशा अर्थाचे शीर्षक दिले होते. पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, फ्रेड ब्रुक्स यांनी मोठमोठ्या आज्ञावल्या तयार करताना येणाऱ्या अडचणींवर एक ग्रंथ लिहिला. अडचणींच्या त्या ग्रंथातही या कामातल्या आनंदाला त्यांनी स्वतंत्र जागा दिलेली आहे. कला शाखेत संगणक कशाला, या प्रश्नाला माझे पहिले उत्तर हेच की, जाणत्यांनीच त्याला कला म्हटले आहे.

ओझे उतरवण्याचा इतिहास

कृत्रिम बुद्धिमत्ता आली आणि आज्ञावली लिहिणाऱ्याचे काम गेले, असे आज बोलले जाते. इतिहास पाहिला तर या कामातले ओझे यंत्रावर टाकण्याचा प्रयत्न आरंभापासूनच चालू असल्याचे दिसते. पहिल्या संगणकांना केवळ आकड्यांतच आज्ञा द्याव्या लागत. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० साली स्वतः बांधलेला संगणक कार्यान्वित केला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. हजारो निर्वात नळ्यांचा तो अवाढव्य संगणक एका मोठ्या दालनात मावत असे. त्याच्याशी बोलायचे तर त्याच्याच भाषेत बोलावे लागे.

दरम्यान परदेशात दुसरी वाट निघाली होती. १९५२ साली ग्रेस हॉपर या विदुषीने माणसाने लिहिलेल्या सूचनांवरून यंत्राच्या आज्ञा जुळवून देणारी एक आज्ञावलीच तयार केली. म्हणजे आज्ञावली लिहायला आज्ञावलीच मदत करू लागली. १९५७ मध्ये फोरट्रान ही भाषा आली आणि गणिताची सूत्रे जवळजवळ जशीच्या तशी लिहिता येऊ लागली. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. आपल्याच अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक उभा राहिला. तोपर्यंत आकड्यांत आज्ञा लिहिणे बहुतेकांच्या हातून सुटलेच होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि नेहमीच्या बोलीत सांगितलेल्या कामाची आज्ञावली घरबसल्या मिळू लागली.

मात्र मागच्या पायऱ्यांत आणि या पायरीत एक फरक मला जाणवतो. फोरट्रानने लिहिण्याचे कष्ट कमी केले, तरी विचार माणसालाच करावा लागे. आजचा मदतनीस विचार केल्याचे समाधानही आपल्याला परस्पर देऊन टाकतो. उत्तर समोर असते, आपल्याला ते समजल्यासारखे वाटते, आणि आपण पुढे जातो. मला जे म्हणायचे आहे ते या 'वाटते' शब्दापाशी येऊन थांबते.

देवळालीचे कापरेकर मास्तर

येथे मला आपल्याच जिल्ह्यातील एका शिक्षकाची आठवण करून द्यायची आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते शिकले आणि १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये पदवी घेतल्यानंतर १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीला शाळेत शिक्षक होते. पदव्युत्तर पदवी त्यांच्याजवळ नव्हती. संख्यांशी खेळणे हा त्यांचा छंद. अनेक विद्वानांना तो पोरखेळ वाटला. पुढे १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि देवळालीचे मास्तर जगाला माहीत झाले. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

त्यांनी संख्यांना दिलेली नावेसुद्धा मोठी गोड आहेत. डोंबिवली स्टेशनवर एका प्रकारच्या संख्या सुचल्या म्हणून त्यांना 'डेम्लो' संख्या म्हटले. दुसऱ्या एका प्रकाराला आपल्या गावावरून 'देवळाली' संख्या म्हटले. आणखी एका प्रकाराला 'हर्षद' हे नाव दिले. हर्षद म्हणजे हर्ष देणारी. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो ती हर्षद संख्या. उदाहरणार्थ १२ : अंकांची बेरीज ३, आणि ३ ने १२ ला भाग जातो. ज्या माणसाने भागाकारालाही आनंदाचे नाव दिले, त्याच्याइतका माझ्या विषयाला जवळचा माणूस दुसरा कोण असणार?

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध ६१७४ हा होय. १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी तो मांडला. कृती अशी : चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर हीच कृती पुन्हा करा. ३५२४ घेऊन पाहू :

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

आणि ७६४१ वजा १४६७ केले की पुन्हा ६१७४. गाडी तेथेच थांबते. कोणत्याही संख्येपासून निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत हे स्टेशन येते. वाचक मित्रांनी हा लेख बाजूला ठेवून आपल्या गाडीच्या नंबरवर हा प्रयोग करून पाहावा, अशी माझी विनंती आहे. जाता जाता आणखी एक गंमत : ६१७४ च्या अंकांची बेरीज १८, आणि १८ ने भागले की बरोबर ३४३ येतात. म्हणजे ६१७४ ही स्वतःच एक हर्षद संख्या आहे.

सत्याहत्तर शून्ये

सरांनी वर्गात ६१७४ ची गोष्ट सांगितली आणि मी ठरवले की याची आज्ञावली आपण स्वतः लिहायची. १००० पासून ९९९९ पर्यंत एकूण ९००० संख्या आहेत. त्यांपैकी १११११ प्रमाणे नव्हे, तर ११११, २२२२ अशा सर्व अंक सारखे असलेल्या नऊ संख्या वगळल्या की उरतात ८९९१. तेव्हा ८९९१ संख्या ६१७४ ला पोहोचायला हव्यात आणि नऊ संख्या शून्यावर जायला हव्यात, हे कागदावरच उघड होते.

आज्ञावली लिहायला मला तीन दिवस लागले. लाल ओळी थांबल्या आणि उत्तर आले : शून्यावर गेलेल्या संख्या ७७.

माझा चेहरा पडला. नऊच्या जागी सत्याहत्तर! म्हणजे अडुसष्ट संख्या वाट चुकल्या होत्या. एक तर कापरेकर मास्तर चुकले असावेत किंवा मी. मास्तरांवर माझा विश्वास होता. मी त्या अडुसष्ट संख्यांची यादी छापून काढली आणि गावी जाणाऱ्या गाडीत ती वाचत बसले. १०००, १०११, ११०१, १११०, १११२, ११२१, १२११, १२२२... ओझरच्या जवळ कुठेतरी माझ्या लक्षात आले की या सर्वांचा चेहरा एकच आहे. तीन अंक सारखे आणि चौथा त्यांच्यापेक्षा फक्त एकाने कमी किंवा जास्त! घरी गेल्यावर १००० घेऊन हाताने कृती केली. १००० वजा १ म्हणजे ९९९. येथेच मेख होती. मास्तरांच्या कृतीत हे ०९९९ आहे, चार अंकी. पुढे ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, मग ८०८२, मग ८५३२, आणि पाचव्या पायरीला ६१७४. माझ्या संगणकाने मात्र डावीकडचे शून्य निरुपयोगी म्हणून टाकून दिले होते. त्याच्या दृष्टीने ९९९ चे तिन्ही अंक सारखे. ९९९ वजा ९९९, संपले!

त्या रात्री मला झोप आली नाही. नेमक्या अडुसष्टच का, हे शोधायला मी वही घेऊन बसले. हळूहळू असे दिसले की वजाबाकीचे उत्तर केवळ दोन गोष्टींवर ठरते. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान अंक यांच्यातील फरकाला ९९९ ने गुणायचे, मधल्या दोन अंकांतील फरकाला ९० ने गुणायचे, आणि बेरीज करायची. ३५२४ साठी ३ गुणिले ९९९ अधिक १ गुणिले ९०, म्हणजे ३०८७. ताळा जमला. मग उत्तर ९९९ यायचे तर पहिला फरक १ आणि दुसरा शून्य हवा, म्हणजेच तीन अंक सारखे आणि चौथा शेजारचा. अशा शेजारच्या अंकांच्या जोड्या नऊ : ० व १, १ व २, येथपासून ८ व ९ पर्यंत. प्रत्येक जोडीतून आठ संख्या तयार होतात. शून्याच्या जोडीतून मात्र चारच, कारण चार अंकी संख्येच्या आरंभी शून्य चालत नाही. आठ अठ्ठे चौसष्ट आणि चार, अडुसष्ट!

आणखी पुढे पाहिले तर पहिला फरक १ ते ९ पर्यंत असतो आणि दुसरा पहिल्यापेक्षा मोठा असूच शकत नाही. अशा जोड्या ५४ च होतात. म्हणजे ८९९१ संख्या पहिल्याच वजाबाकीत अवघ्या ५४ संख्यांत येऊन बसतात. ६१७४ चे गूढ थोडेसे उकलल्यासारखे झाले. हे गणितज्ञांना फार पूर्वीपासून माहीत असणार. पण मला कोणी सांगितले नव्हते, मी ते पाहिले होते. दहावीला गणितात जेमतेम उत्तीर्ण झालेल्या मुलीला हे वाक्य लिहिताना काय वाटते, ते सहृदय वाचकांनी समजून घ्यावे.

बरोबर उत्तराचा तोटा

दुसऱ्या दिवशी मी तीच आज्ञावली मोबाईलमधील मदतनीसाला लिहायला सांगितली. दहा-बारा सेकंदांत त्याने दिली. तीत डावीकडे शून्य भरून चार घरे पूर्ण करण्याची ओळही होती. चालवून पाहिली : ८९९१ आणि ९. अगदी निर्दोष.

मला आधी हेवा वाटला आणि मग थोडी भीती वाटली. मी जर पहिल्याच दिवशी त्याला विचारले असते, तर मला बरोबर उत्तर मिळाले असते. त्या अडुसष्ट संख्या मला कधीच भेटल्या नसत्या, वही निघाली नसती, आणि ९९९ व ९० चे नाते दिसले नसते. मदतनीसाने काहीही चूक केली नव्हती. मला जे मिळाले ते माझ्या चुकीमुळे मिळाले होते. मदतनीस आपल्याला चुका करू देत नाही आणि त्याबरोबर त्या चुकांच्या पोटात असलेले सापडू देत नाही, हे माझ्या तेव्हा ध्यानात आले.

कापरेकरांचेच पाहा. आजचा संगणक नऊ हजार संख्या डोळ्याचे पाते लवण्याआत तपासतो. म्हणून मास्तरांचा शोध लहान ठरत नाही. उत्तर तपासायला यंत्र मिळाले, पण अंक उलटसुलट मांडून वजा करत राहिलो तर काय होईल, हा प्रश्न यंत्राला पडला नव्हता. तो कागद-पेन्सिल घेऊन बसणाऱ्या आणि ज्याला त्या बसण्यातच आनंद वाटत होता अशा माणसाला पडला.

आईच्या टोळीचा हिशोब

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, हा सारा रिकामपणचा उद्योग आहे. संख्यांच्या खेळात आनंद गेला तर बिघडले कोठे? मलाही तसे वाटले असते. पण यंदाच्या हंगामात जे घडले त्याने माझे मत पक्के झाले.

आपल्या भागात गोडी छाटणीनंतर द्राक्षमण्यांच्या विरळणीची कामे निघतात. आईच्या टोळीत बारा बायका आहेत. त्यांनी एका बागेची विरळणी उक्ती घेतली. पाच दिवस काम चालले आणि २७,६०० रुपये मिळाले. सात जणी पाचही दिवस पूर्ण होत्या. पाच जणींना कोणाला दवाखाना, कोणाला रेशन अशा कारणांनी एकेका दिवशी अर्ध्यातून जावे लागले. हिशोब नेहमी आई करते. 'आता तू कॉम्प्युटर शिकते, तर तूच कर,' असे ती कौतुकाने म्हणाली.

मला परीक्षेची घाई होती. मी मदतनीसाला सांगितले की हजेरीप्रमाणे पैसे वाटणारी आज्ञावली दे. हजेरी भरली, वाटे आले. सर्व वाट्यांची बेरीज करून पाहिली. २७,६०० बरोबर जुळली. मी ऐटीत आकडे वाचून दाखवले. सात जणींना २,५०९ रुपये, पाच जणींना २,००७ रुपये.

त्या पाचांपैकी एक मावशी हिशोब ऐकून जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "पोरी, मी साडेचार दिवस मान वर करून उभी राहिले. मग चारचेच पैसे का गं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या आज्ञावलीत काय लिहिले आहे हे मी वाचलेच नव्हते. मी म्हणाले, "मावशी, कॉम्प्युटरने तसंच काढलंय."

त्यावर आई म्हणाली, "कॉम्प्युटर आला होता का बागेत?"

सगळ्या हसल्या, पण आई हसली नाही. तिने मातीत काडीने रेघा ओढल्या. ती दिवस मोजत नाही, अर्धे मोजते. पूर्ण दिवसाला दोन रेघा, अर्ध्याला एक. एकूण रेघा ११५. २७,६०० ला ११५ ने भागले की एका रेघेला बरोबर २४० रुपये. पाच दिवसवालीचे २,४००, साडेचारवालीचे २,१६०. अपूर्णांक नाही की पैशांचा चुरा नाही.

माझ्या हिशोबात पाच जणींना प्रत्येकी १५३ रुपये कमी जात होते आणि ते सात जणींना प्रत्येकी १०९ रुपये जास्त म्हणून मिळत होते. त्या सातांत माझी आई होती. मावशी गप्प बसल्या असत्या तर त्यांचे पैसे आमच्या घरी आले असते, आणि बेरीज जुळत असल्याने कोणालाही कधीच कळले नसते. दोष मदतनीसाचा नव्हता. अर्धा दिवस असतो हे मी त्याला सांगितलेच नव्हते, म्हणून त्याने ज्या दिवशी पूर्ण हजेरी नाही तो दिवस धरला नाही. स्वतः लिहायला बसले असते तर 'अर्ध्या दिवसाचे काय?' हा प्रश्न दुसऱ्याच ओळीला माझ्यापुढे उभा राहिला असता. लिहिताना जो अडतो तो विचार करतो. मी अडलेच नव्हते.

नंतर मी आईच्या रेघांची रीत घेऊन आज्ञावली स्वतः लिहिली. ती चौदा ओळींची आहे. टोळीतल्या कोणत्याही बाईने कोणत्याही आकड्यावर बोट ठेवले तर तो कोठून आला हे मी सांगू शकते. त्या मावशींना मी ओळ न् ओळ समजावून सांगितली, आणि त्यांनी शेवटी मान डोलावली तेव्हा झालेला आनंद ६१७४ च्या आनंदापेक्षा कमी नव्हता.

मग मदतनीस नकोच का?

असे माझे म्हणणे नाही. कृतघ्न होण्यात अर्थ नाही. ज्यांच्या घरी विचारायला कोणी नाही, ज्यांना इंग्रजी पुस्तकाचे पहिले पानही ओलांडता येत नाही, त्यांच्यासाठी हा मदतनीस मोठा आधार आहे. रात्री अकरा वाजता लाल ओळीचा अर्थ मराठीत समजावून देणारे माझ्या वस्तीत दुसरे कोणीही नव्हते. तोच प्रश्न चौथ्यांदा विचारला तरी तो चिडत नाही. शहरातल्या मुलांना शिकवणीत जे मिळते त्यातला काही भाग आम्हाला त्याच्याकडून मिळतो, आणि हा उपकार लहान नाही.

माझ्या एका वर्गमैत्रिणीचा आक्षेप वेगळा आहे. ती म्हणते, "नोकरीत आनंद कोण विचारतो? काम लवकर झाले की झाले." तिचे घर माझ्यासारखेच आहे, तेव्हा तिच्या बोलण्याला वजन आहे. तरी मी तिला इतकेच सांगते की, आज्ञावली लिहून देणारा जर सर्वांजवळ आहे, तर लिहून घेणाऱ्याला निराळी किंमत कशी येईल? ती बरोबर आहे की नाही, हे ज्याला ओळखता येईल त्यालाच कोणी विचारील. आणि ही ओळख चुका करून, त्या शोधून, रात्री जागूनच येते. ज्यात रस वाटत नाही त्यासाठी कोणी जागत नाही. म्हणून आनंद ही श्रीमंतांची चैन आहे असे मला वाटत नाही. आमच्यासारख्यांना शिकत राहण्यासाठी तो लागतो.

मी स्वतःपुरते काही नियम केले आहेत. कोणतेही काम आले की आधी कागदावर स्वतःची कृती लिहायची, मग मोबाईल हाती घ्यायचा. मदतनीसाकडे उत्तर मागायचे नाही, चूक कोठे असेल याची दिशा मागायची. त्याने दिलेली जी ओळ मला आईला समजावून सांगता येत नाही, ती वापरायची नाही. आठवड्यातून एकदा तरी ज्याचा कोणालाही काही उपयोग नाही असे एखादे कोडे स्वतः सोडवायचे. आणि बेरीज जुळली म्हणून हिशोब बरोबर आहे असे समजायचे नाही. हा शेवटचा नियम त्या मावशींनी शिकवलेला आहे.

समारोप

देवळाली आपल्यापासून लांब नाही. संख्यांच्या वेडापायी कोणी हसले तरी ज्याने आपला छंद सोडला नाही असा एक शाळामास्तर तेथे बत्तीस वर्षे शिकवत होता. त्याच्याजवळ संगणक नव्हता. आपल्याजवळ संगणक आहे आणि संगणकाला सांगणारा मदतनीसही आहे. साधने वाढली याचा खेद कशाला करायचा? मात्र अडण्याची, चुकण्याची आणि शोधण्याची जागा आपण राखून ठेवली पाहिजे, कारण हर्षद जे काही आहे ते तेथेच सापडते, असा माझा अनुभव आहे.

सध्या मी तीन अंकी संख्यांवर तीच कृती करून पाहते आहे. तेथेही गाडी एका स्टेशनावर थांबते. ते कोणते, हे मी येथे सांगणार नाही. कागद आणि पेन्सिल घ्या आणि दहा मिनिटे बसा. मदतनीसाला मात्र आज विचारू नका.